हितसंबंधी माणसानं बाहेर बसावं

आपल्याच शेताच्या कडेला, रस्त्यावरच्या लहानग्या पुलाच्या कठड्यावर, प्रभंजन वकील सकाळपासून बसून होते आणि आत त्यांच्याच समितीची माणसं त्यांचंच शेत बघत फिरत होती. त्यांना तिथं कुणी बसवलं? दुसरं कोण बसवणार! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला या माणसाला कधी परक्याची मदत लागली नव्हती.

झालं होतं असं. वसती मंडळ गरिबांसाठी घरं बांधायचं, त्यासाठी गावाबाहेर कुठंतरी जमीन घ्यायचं, आणि पालिकेला ते कळायचं कधी, तर लोक राहायला येऊन रिकाम्या घागरी घेऊन दारात उभे राहिले की. याच्याविरुद्ध नगरसेवक प्रभंजनरावांनी पालिकेच्या सभागृहात वर्षानुवर्षं कंठशोष केला. शेवटी ठराव झाला. मंडळानं जमीन घेण्याआधी पालिकेच्या समितीला दाखवायची, समितीनं जागेवर जायचं, तिथल्या माणसांना विचारायचं, आणि समितीनं होकार दिला तरच व्यवहार पुढं. त्यातलं एक कलम तर खास त्यांच्या लेखणीतून उतरलेलं: ज्या सदस्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा जागेत हितसंबंध असेल, त्यानं बाहेर बसावं. सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. घरात त्यांचं नाव 'ठरावअण्णा' पडलं ते तेव्हापासून. आणि आता मंडळाला सबंध हुबळी-धारवाडात आवडली कुठली जमीन, तर नवलगुंद रस्त्याची, ठरावअण्णांच्या वडिलांची!

"कलम बरं लिहिलंय," ते स्वतःशीच पुटपुटले. दगड बोचत होता. "बसायला चटई द्यावी एवढं घालायचं राहून गेलं."

ज्वारीच्या ताटांमधून धाकटा भाऊ श्रीवत्स लगबगीनं येताना दिसला. त्याचं गोकुळ रोडला वर्कशॉप होतं, आणि जगातली कुठलीही गोष्ट स्क्रू घट्ट केला की चालू लागते असा त्याचा विश्वास होता. समितीची पाहणी एळ्ळ अमावस्येला ठेवून घेण्याची अक्कल त्याचीच. आजच्या दिवशी घरोघरचे लोक शेतात जाऊन पूजा करतात, पोटभर जेवतात, सगळ्या पदार्थांचा कालवलेला चरगा शेताला शिंपडतात. समिती येईल, पुरणाची होळगी खाईल, ढेकर देईल आणि सही करेल, असा साधा हिशेब.

"अण्णा, मंडळाचे इंजिनियर वादिराज एकदम खूष आहेत," श्रीवत्स धापा टाकत म्हणाला. "खालच्या अंगाचा हरभरा बघून म्हणतात, काय जमीन हो तुमची! एवढा हिरवागार हरभरा उभ्या तालुक्यात नाही."

"हिरवागार का आहे ते सांगितलंस का त्यांना?"

"वेडा आहे का मी?"

खालचं अर्धं शेत हिरवं होतं, कारण आषाढापासून ते शेत नसून तळं असायचं. सगळ्या उताराचं पाणी तिथं येऊन बसायचं आणि पाहुण्यासारखं दसऱ्यापर्यंत मुक्काम ठोकायचं. मागं राहायचा तो गाळ, आणि त्या गाळात हरभरा असा माजायचा की बघत राहावं. घरात त्या भागाला कुणी शेत म्हणतच नसे, 'तळं' म्हणत. मंडळाची मोजणी झाली होती चैत्रात, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असताना.

"तळ्याचं कुणी बोलायचं नाही," श्रीवत्स म्हणाला. "दीपश्रीला सांगितलंय, अक्काला सांगितलंय. राहिलास तू."

"मला बोलताच येत नाही रे. मी हितसंबंधी."

हे म्हणताना प्रभंजनरावांना जरा बरंच वाटलं. खोटं बोलायचं नाही, खरं बोलायची परवानगी नाही. आयुष्यभर कायदा केला त्याचं हे फळ. सोवळंही सांभाळलं आणि भजीही खाल्ली!

"आणि विमलावहिनींना?" त्यांनी विचारलं.

"त्यांना काय सांगायचंय? त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं."

ते मात्र खरं होतं. थोरले भाऊ, विमलावहिनींचे यजमान कृष्णाअण्णा, गेले तेव्हा दवाखान्यात प्रभंजनरावांचा हात धरून एवढंच म्हणाले होते, "विमलेला तिचं दार दे." भाड्याचं घर सुटलं आणि विमलावहिनी पाळीपाळीनं राहू लागल्या. कधी धारवाडला प्रभंजनरावांकडे, कधी हुबळीला श्रीवत्सकडे, कधी थोरल्या नणंदेकडे, हेमावतीअक्कांकडे. तिन्ही घरांत त्यांना मान होता. पण त्यांची बॅग एकाही घरात माळ्यावर चढली नव्हती, ती पलंगाखालीच असायची, हाताशी. आज पाळी बदलायचा दिवस, म्हणून ती प्रभंजनरावांच्या गाडीच्या डिकीत पडली होती. जमीन विकली गेली की नवनगरात वहिनींना दोन खोल्या घ्यायच्या, हे घरात ठरलेलं होतं. त्या खोल्यांचा रंगसुद्धा श्रीवत्सच्या बायकोनं, दीपश्रीनं, पसंत करून ठेवला होता.

"प्रभ्या!" चिंचेखालून हेमावतीअक्कांची हाक आली. "तिथं काय देवळातल्या नंदीसारखा बसलायस? पानं मांडलीत. ये!"

"अक्का, मला आत येता येत नाही!"

"का? विटाळ झालाय का?"

समितीतली माणसं हसली. प्रभंजनरावही हसले, दुसरं करणार काय. त्यांच्या जागी आज समितीचं काम बघत होत्या पद्मक्का, जुन्या हुबळीच्या नगरसेविका. घरचं बोलणं कानडी, पण दाजीबानपेठेत मराठी दुकानदारांशी घासाघीस करता करता त्यांची मराठी अशी तयार झाली होती की वकील मंडळींनी जपून असावं. त्या बांधापर्यंत आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "एन्री वकीलसाहेब, तुमचा ठराव म्हणतो, मालकाकडचा चहासुद्धा घ्यायचा न्हाई."

"हो. ते कलम आहे."

"आणि आज एळ्ळ अमावस्या. शेतात आलेला माणूस उपाशी गेला तर पाप लागतं. ते पाप कुणाला लागायचं? मला, का ठरावाला?"

"ठरावाला पापपुण्य नसतं, पद्मक्का."

"मग ठरावाला बसू द्या पुलावर. तुम्ही या जेवायला. जेवताना कामाचं बोलायचं न्हाई म्हणजे झालं."

असा न्याय त्यांना वकिलीच्या उभ्या हयातीत मिळाला नव्हता. ते निमूट उठले आणि चिंचेखाली येऊन बसले. सज्जेची म्हणजे बाजरीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, होळगीवर तूप. वादिराज इंजिनियर लाजत लाजत तिसरी होळगी घेत होते.

पद्मक्का जेवता जेवता हरभऱ्याकडे बघत होत्या. "आमच्या नाल्याकाठच्या बायका इथं येणार," त्या विमलावहिनींना म्हणाल्या. "दर पावसाळ्यात त्यांच्या चुली वाहून जातात बघा. पोरांना पोटमाळ्यावर चढवून रात्र काढतात. मी त्यांना शब्द दिलाय, आता पाणी बघायचं ते नळाचंच."

प्रभंजनरावांनी उचललेला घास पुन्हा पानात ठेवला. श्रीवत्स एकदम भाताकडे वळला. दीपश्रीला अचानक ताक वाढायचं आठवलं. हेमावतीअक्का चिंचेच्या शेंड्याकडे बघू लागल्या, जणू तिथं कुणी बसलंय. विमलावहिनी मात्र पद्मक्कांकडेच बघत राहिल्या. त्यांनी विचारलं, "किती घरं आहेत तिथली?"

"घरं कसली हो, खुराडी. पण माणसं भरपूर."

विमलावहिनींनी मान हलवली आणि पद्मक्कांच्या पानात आणखी एक होळगी वाढली. प्रभंजनरावांना वाटलं, बिचाऱ्या! यांना काय ठाऊक, केवढ्या पेचात आहोत आम्ही. घरातला कर्ता म्हणजे आपण, विचार करायचं काम आपलं, असं त्यांना फार वर्षांपासून वाटत आलेलं होतं. त्यात कुणी कधी दुरुस्ती सुचवली नव्हती.

जेवणं झाली आणि चरग्याची वेळ आली. इथं घरातल्या शहाण्या माणसांची गंमत बघा. तळ्याचं कुणी बोलायचं नाही हे ज्याला त्याला बजावून झालं होतं. पण चरगा थांबवावा हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वर्षानुवर्षं जे करत आलो ते करताना माणूस विचार कुठं करतो! टोपली घेऊन विमलावहिनी उठल्या. थोरली सून म्हणून तो मान त्यांचा. कृष्णाअण्णा गेल्यावर अक्कांनी जरा नाक मुरडलं होतं, तेव्हा प्रभंजनरावांनी भाषण करून वहिनींचा मान राखला होता. वास्तविक त्यावेळी सोबतची कानडी हाक दुसऱ्या कुणाला धड पाठच नव्हती, पण त्या सुधारणेचं श्रेय ते अजून घेत असत.

"चला, तुम्हीपण चला," श्रीवत्स उत्साहानं समितीला म्हणाला. "आमच्या घरची पद्धत बघा."

वहिनी पुढं, मागं घरचे, त्यांच्या मागं पालिका आणि सगळ्यात मागं मंडळ. मूठ मूठ चरगा ज्वारीवर पडत होता आणि "हुलिग्यो, हुलिग्यो" अशी चरग्याची हाक घालत पद्मक्काही हौसेनं साथ देत होत्या. पांडवांच्या पाच दगडांना चुना लावला होता, तिथं नमस्कार झाला. मग वहिनी उतार उतरू लागल्या.

प्रभंजनरावांना आता आठवलं. श्रीवत्सलाही त्याच क्षणी आठवलं असावं, कारण तो जागच्या जागी थांबला.

ज्वारी संपून हरभरा सुरू होतो तिथं बांधाला लागून एक सहावा दगड होता. तोही चुन्यानं पांढरा केलेला. आजोबांच्या काळात एका पावसाळ्यात पाणी चढत चढत तिथपर्यंत आलं आणि थांबलं, म्हणून आजोबांनी तो पुरला होता. गंगव्वाचा दगड. चरग्याची शेवटची मूठ तिच्या नावाची.

विमलावहिनींनी मूठ उचलली आणि मोकळ्या आवाजात हाक दिली, "गंगव्वाऽ, इल्लितनक बाऽ, मुंद बरब्याडऽ!"

इथपर्यंत ये आई, पुढं येऊ नकोस. कानडी कळत नाही असं तिथं कोणी नव्हतं.

पद्मक्कांचं हुलिग्यो थांबलं. त्यांनी दगडाकडे पाहिलं. मग दगडाखालच्या, दूरवर पसरलेल्या हिरव्यागार हरभऱ्याकडे पाहिलं. मंडळाच्या आखणीत निम्म्याहून जास्त घरं त्या हरभऱ्यात उभी होती.

"विमलाबाई," त्या हळूच म्हणाल्या, "इल्लितनक नीर बरतदेनवा? इथवर पाणी येतं?"

श्रीवत्सनं डोळ्यांनीच खूण केली, नाही म्हणा, जुनी रीत आहे म्हणा. हेमावतीअक्कांनी पदर तोंडाला लावला. विमलावहिनींच्या हाताला चरगा तसाच चिकटलेला होता. त्यांनी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

प्रभंजनराव बांधावर उभे होते. बरोबर बांधावर, एक पाय रस्त्याच्या अंगाला, एक शेतात. हितसंबंधी माणूस जसा उभा राहील तसे. गप्प राहायला त्यांच्याजवळ नियम होता, त्यांनीच केलेला, टाळ्या घेतलेला. उद्या कुणी बोट दाखवलं असतं तर ठराव पुढं करता आला असता. समोर नवनगरातल्या दोन खोल्या होत्या, दवाखान्यातला तो हात होता. आणि पोटमाळ्यावर चढवलेली पोरंही होती, इथल्या नव्या घरांत त्यांना पोटमाळाही मिळणार नव्हता. त्यांना स्वतःचा असा संताप आला, की त्या संतापातच ते ओरडले.

"बरतदरी, पद्मक्का! दरवर्षी येतं. खाली माझ्या छातीएवढं असतं. दसऱ्यापर्यंत हलत नाही!"

विमलावहिनींचं उघडलेलं तोंड मिटलं.

"अण्णा!" श्रीवत्स किंचाळला. "तुला बोलायचा अधिकारच नाही! तुझाच ठराव आहे!"

वादिराज इंजिनियर तर कपाळाला हात लावून खालीच बसले. "पण चैत्रात... चैत्रात तर भेगा होत्या हो," असं ते दगडालाच सांगत राहिले. पद्मक्कांनी खोचलेला पदर सोडला. मग प्रभंजनरावांना म्हणाल्या, "सदस्य म्हणून बोलला असता तर तुमचं बोलणं मी धरलं नसतं. मालक म्हणून बोललात. तिथल्या माणसांना विचारा असं तुम्हीच लिहिलंय." त्यांनी विमलावहिनींचा हात, चरग्यासकट, दोन्ही हातांत घेतला. "होळगी फार चांगली झालती, अव्वा. सही काय माझ्याच्यानं होणार न्हाई."

गाड्या गेल्या. धूळ बसली. आणि मग घरच्यांची समिती बसली.

"सोन्यासारखं गिऱ्हाईक!" श्रीवत्स फेऱ्या मारत होता. "शेजारच्यांनी प्लॉट पाडून विकले, त्यांना कोणी विचारलं पाणी येतं का? आम्हीच एक हरिश्चंद्राचे वंशज!"

"तू कशाला समितीला चरगा बघायला बोलावलंस?" दीपश्री नवऱ्यावर घसरली.

"आणि ह्या प्रभ्याला पुलावरून खाली कुणी बोलावलं?" असं अक्का म्हणाल्या आणि बोलावणाऱ्या आपणच हे ध्यानात येऊन गप्प झाल्या.

प्रभंजनराव उठले. चिंचेच्या पलीकडे विमलावहिनी पातेली घासत होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून प्रभंजनरावांनी घसा साफ केला. मनात वाक्यं तयार होतीच, वकिलाच्या ती नेहमी असतात.

"वहिनी, तुमच्या घरावर आज मी पाणी सोडलं. अण्णांना दिलेला शब्द माझ्याकडून मोडला. पण सत्य हे शेवटी..."

"भाऊजी," वहिनी वर न बघता म्हणाल्या, "पद्मक्कांनी कुणाला विचारलं होतं?"

"अं?"

"प्रश्न कुणाला होता?"

"तुम्हाला."

"मग उत्तर तुम्ही का दिलंत?"

प्रभंजनरावांनी पुन्हा घसा साफ केला. "मला वाटलं, तुम्ही अडचणीत आहात. श्रीवत्स खुणा करत होता..."

"मी तोंड उघडलं होतं, भाऊजी. येतं, असंच सांगणार होते. त्या बायकांच्या चुलीवर माझं घर मला नकोच होतं." वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. "घर माझं जाणार होतं ना? मग ते मला तरी घालवू द्यायचं होतं. तेवढंही तुम्हीच केलंत."

श्रीवत्सच्या फेऱ्या थांबल्या.

"विकायचं तुम्ही ठरवलंत. नवनगर तुम्ही ठरवलंत. भिंतीला रंग कुठला, तेपण ठरलं. पालिकेच्या ठरावात लिहून आलात, ज्याच्यावर बेततं त्याला विचारा म्हणून. आमच्या घरात तो ठराव कधी लागू होणार?"

प्रभंजनराव पातेल्यांशेजारी खाली बसले. पांढऱ्या केसांच्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या भाषणांची लाज वाटली, आणि ती खरी होती. 'वहिनींचा मान राखला' म्हणत मिरवत होतो आणि वहिनींना कधी काही विचारलंच नाही! एवढा मोठा वकील, पण अशिलाला विचारायचंच राहून गेलं.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "तुम्हाला काय हवंय?"

विमलावहिनींनी हात धुतले. पदराला पुसले. जणू हा प्रश्न कधीतरी येणार म्हणून उत्तर पदराच्या गाठीला बांधूनच ठेवलं होतं.

"ही चिंच आहे ना, हिच्याखाली. गंगव्वा इथं कधीच आली नाही. दोन खोल्या, आणि दार हरभऱ्याकडं. मला हा हरभरा आवडतो. नवनगरात बसून मी काय बघू, समोरच्यांची धुणी?"

"शेतात एकट्या राहणार?" श्रीवत्स म्हणाला. "लोक काय म्हणतील आम्हाला?"

"एकटी कशी? मी येऊन राहीन की अधनंमधनं," अक्का एकदम म्हणाल्या. सकाळपर्यंत विक्रीसाठी सगळ्यात घाई करणाऱ्या ह्याच. "सुनेच्या हातचं खाऊन माझीपण जीभ मेलीय."

"रंग मात्र मी सांगेन तो," दीपश्री म्हणाली.

"सांग. मग मी ठरवीन," वहिनी म्हणाल्या आणि दीपश्री हसली.

प्रभंजनरावांच्या अंगात एकदम उत्साह संचारला. ते उठून उभे राहिले, एक हात मागं गेला, दुसरा वर. "मुद्दा असा आहे, शेतजमिनीवर घर म्हणजे परवानगीचा प्रश्न येतो. शिवाय वाटणीत वरचा भाग वहिनींच्या नावे करायचा तर सर्वांची संमती लागेल. माझं म्हणणं असं..."

"भाऊजी," विमलावहिनी म्हणाल्या, "तुमची वाटणी आहे ना ह्यात?"

"आहे की."

"म्हणजे हितसंबंध आला. बाहेर बसा."

हेमावतीअक्का अशा काही खदखदून हसल्या की चिंचेवरचे कावळे उडाले. श्रीवत्सही हसला, रागावलेला असूनसुद्धा. प्रभंजनरावांनी वर गेलेला हात खाली घेतला, चपला शोधल्या आणि शेत तुडवत मुकाट्यानं पुलाकडे निघाले.

कठडा होता तिथंच होता आणि अजून बोचत होता. चिंचेखालून भांडणाचे आवाज येत होते. श्रीवत्सचा चढा, अक्कांचा त्याहून चढा, आणि मधेच वहिनींचा, शांत. तो आला की बाकीचे दोन थांबत होते. काय चाललंय ते नीट ऐकू येत नव्हतं. जीव नुसता कासावीस झाला होता त्यांचा. नियम पाळायला एवढं अवघड जातं हे तो लिहिताना कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं विमलावहिनी एकट्याच गाडीकडे आल्या. त्यांनी डिकी उघडली, आपली बॅग ओढून काढली आणि ती घेऊन उतारावरून पुन्हा वर चालू लागल्या. बॅग जड होती, मधेच थांबून त्यांनी हात बदलला. प्रभंजनराव उचलून द्यायला अर्धे उठले.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते परत खाली बसले. वहिनींनी बॅग चिंचेपर्यंत नेली, इकडं तिकडं बघून चार पावलं पुढं सरकल्या आणि जिथं दार यायचं होतं तिथं ती स्वतःच्या हातानं ठेवली.